पुन्हा बसावे की नाही? जीआरई, एलसॅट आणि दुसऱ्या प्रयत्नाचा इतिहास

१/ महाराष्ट्रात 'पुन्हा परीक्षेला बसणे' या शब्दांना बोचरी छटा आहे. दहावीत गचकलेल्या मुलाची 'ऑक्टोबरची वारी' हा कित्येक घरांतला थट्टेचा आणि लाजेचा विषय होता. 'रिपीटर' हा शिक्का तर कायमचाच. दुसरा प्रयत्न नापासांनी करायचा, उत्तीर्णाने पुढे चालू लागायचे, अशी ही रीत. या रीतीत वाढलेला विद्यार्थी अमेरिकेतील पदव्युत्तर प्रवेशासाठी जीआरई देतो, तेव्हा मात्र त्याची पंचाईत होते. या परीक्षेत कोणी नापासच होत नाही.

२/ शेवटचा विभाग संपला की पडदा विचारतो : गुण नोंदवायचे की रद्द करायचे? हा निर्णय गुण दिसण्यापूर्वी घ्यावा लागतो. 'नोंदवा' म्हटले की दोन आकडे दिसतात, एक भाषेचा आणि एक गणिताचा. आकडे वाईट नसतात, पण हवे होते तेवढेही नसतात. मग घरी परतताना दुसरा प्रश्न सुरू होतो : पुन्हा बसावे का?

३/ हा प्रश्न विद्यार्थ्याला अगदी खासगी वाटतो. आपली तयारी, आपली चिकाटी, आपल्या वडिलांचा खिसा. पण त्याचे उत्तर गेल्या नऊ दशकांत अनेकदा बदलले आहे, आणि दर वेळी ते बदलणारा हात विद्यार्थ्याचा नव्हता. जुन्या गुणांचे काय करायचे, याचा नियम कोणी आणि का केला, यावर दुसऱ्या प्रयत्नाचा अर्थ ठरत आला. या थ्रेडमध्ये तोच इतिहास.

४/ प्रारंभ १९३७ चा. कार्नेगी फाउंडेशनच्या विल्यम लर्नेड यांच्या पुढाकाराने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या चार विद्यापीठांत पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांची एक प्रायोगिक परीक्षा घेण्यात आली. अमेरिकेत महाविद्यालये शेकडो आणि प्रत्येकाची गुण देण्याची तऱ्हा निराळी. एका ठिकाणचा 'अ' दर्जा दुसरीकडच्या 'ब' पेक्षा खरोखर वरचा आहे का, हे कोणालाच सांगता येत नव्हते. लर्नेड यांना एक सामाईक माप हवे होते.

५/ येथे एक बारकावा निसटू देऊ नये. हे विद्यार्थी आधीच प्रवेश मिळवून बसलेले होते. परीक्षेचा भर ज्ञानावर होता : इतिहास, साहित्य, विज्ञान, गणित अशा अनेक विषयांत विद्यार्थ्याला प्रत्यक्षात काय येते, यावर. अशा परीक्षेत 'पुन्हा बसावे का' हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिच्यावर काही अवलंबून नव्हते. आणि अवलंबून असते, तर उत्तर सोपे होते : अधिक वाचा, पुन्हा या.

६/ गुंतागुंत वाढली ती 'अ‍ॅप्टिट्यूड' या शब्दामुळे. मराठीत त्याला 'अभियोग्यता' म्हणतात. हा शब्द आला दुसऱ्या घराण्यातून. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने लाखो जवानांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या. त्यांच्या निष्कर्षांवर प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी १९२३ साली एक पुस्तक लिहिले, ज्यात वंशावंशांची बुद्धीनुसार उतरंड मांडली होती. त्याच ब्रिगम यांच्या नेतृत्वाखाली २३ जून १९२६ रोजी पहिली एसएटी झाली. ८,०४० विद्यार्थी बसले होते.

७/ ब्रिगम यांच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवायलाच हवी, कारण विद्वानांच्या इतिहासात ती दुर्मीळ आहे. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच्या पुस्तकाचा पाया निराधार असल्याचे जाहीरपणे लिहिले. पुढे चाचण्यांचा सगळा कारभार एकाच बड्या संस्थेच्या हाती देण्यालाही ते विरोध करत राहिले. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले. १९४७ च्या अखेरीस नेमकी तशीच संस्था जन्माला आली : एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस, म्हणजेच ईटीएस. जीआरई तिच्या स्वाधीन झाली आणि १९४९ मध्ये तिच्यात भाषा व गणित यांची 'अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट' दाखल झाली.

८/ आता दुसऱ्या प्रयत्नाचा अर्थच पालटला. अभियोग्यता जर उंचीसारखी असेल, तर शिंप्याने दुसऱ्यांदा टेप लावल्याने माणूस वाढत नाही. दुसऱ्यांदा गुण बरेच वाढले तर दोनच शक्यता उरतात : पहिले माप चुकले, किंवा दुसऱ्यात काही गडबड आहे. मेहनतीला या तर्कात जागाच नव्हती. ईटीएस आणि तिच्यासोबतच्या संस्था कित्येक वर्षे विद्यार्थ्यांना हेच बजावत होत्या की शिकवणीने या गुणांत फारसा फरक पडत नाही.

९/ याच काळात कायद्याच्या महाविद्यालयांसाठी एलसॅट आली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकण्याची सोय झाली होती आणि विधी महाविद्यालयांत गर्दी लोटत होती. कोलंबियाच्या प्रवेश विभागाचे फ्रँक बाउल्स यांनी १९४५ मध्ये अशा चाचणीची कल्पना मांडली आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये ती प्रथम घेण्यात आली. तिचे उद्दिष्ट मर्यादित होते : पहिल्या वर्षात कोण टिकेल, याचा अंदाज. त्यामुळे एकाच विद्यार्थ्याचे दोन-तीन गुणांक समोर आले की पुढे रूढ झालेली पद्धत होती सरासरी काढण्याची. दोन मापांची सरासरी एका मापापेक्षा अधिक विश्वसनीय, हे संख्याशास्त्र सांगतेच.

१०/ पण सरासरीच्या या नियमाचा विद्यार्थ्यासाठी अर्थ काय होता? एलसॅट आज १२० ते १८० या पट्टीवर मोजतात. पहिल्यांदा १५२ मिळाले, वर्षभर घाम गाळून दुसऱ्यांदा १६० मिळवले, तर महाविद्यालय पाहणार १५६. अर्धी मेहनत पाण्यात. आणि दुसऱ्यांदा घसरले तर आधीचेही बिघडले. अशा नियमाखाली शहाणा माणूस सहसा पुन्हा बसत नाही. 'पुन्हा बसू नका' असे कोणी म्हटले नव्हते. हिशेबच तसा लावून ठेवला होता.

११/ या भिंतीला पहिले भगदाड पाडले ब्रुकलिनमधील एका तळघराने. स्टॅन्ली कॅप्लन हा स्थलांतरित ज्यू कुटुंबातला मुलगा. वैद्यकीय महाविद्यालयांनी त्याला नाकारले. आपण ज्यू आहोत आणि नामांकित खासगी महाविद्यालयातून आलेलो नाही, हेच त्याचे कारण, असे त्याचे ठाम मत होते. चमत्कार असा, की या अनुभवातून तो चाचण्यांचा शत्रू झाला नाही, चाहता झाला. सर्वांना सारखी परीक्षा असती तर मला सिद्ध करता आले असते, ही त्याची धारणा. १९३८ पासून तो आईवडिलांच्या घरी शिकवण्या घेत होता. १९४० च्या दशकात त्याने एसएटीची शिकवणी सुरू केली.

१२/ कॅप्लन यांची युक्ती आपल्याकडच्या क्लासवाल्यांना अनोळखी वाटणार नाही. परीक्षा संपली की ते विद्यार्थ्यांना खायला बोलावत आणि प्रत्येकाला आठवलेला एखादा प्रश्न सांगायला लावत. प्रश्नपत्रिका गुप्त असण्याच्या काळात सराव-प्रश्नांचा साठा असा जमला. तळघर वाढत वाढत देशभराची कंपनी झाले आणि १९८४ मध्ये ती वॉशिंग्टन पोस्ट कंपनीने विकत घेतली. 'शिकवणीने फरक पडत नाही' असे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत हा सारा विस्तार चालला होता.

१३/ १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने शिकवणी वर्गांची चौकशी आरंभली. वर्ग खोटी आश्वासने देऊन ग्राहकांना फसवतात, असा संशय होता. निष्पन्न भलतेच झाले. १९७९ च्या अहवालात एका संस्थेच्या काही विद्यार्थ्यांचे गुण एसएटीच्या प्रत्येक विभागात सुमारे २५ ने वाढल्याचे आढळले. वाढ प्रचंड नव्हती. पण जे बदलतच नाही म्हणून सांगितले गेले होते, ते बदलत होते, आणि तेही पैसे मोजून.

१४/ त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने कायदा केला की प्रवेश परीक्षा घेणाऱ्यांनी प्रश्न आणि बरोबर उत्तरे परीक्षेनंतर विद्यार्थ्यांना दाखवली पाहिजेत. १९८० पासून तो लागू झाला. तो पदव्युत्तर परीक्षांनाही लागू होता, म्हणून तर वैद्यकीय प्रवेशाची एमकॅट घेणारी संघटना थेट न्यायालयात गेली. या कायद्याचे महत्त्व पुन्हा बसणाऱ्याच्या दृष्टीने पाहावे. तोवर हाती नुसता आकडा येई. आता चुकले कोठे, हे कळण्याची वाट उघडली. आपली चूक ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी दुसरा प्रयत्न म्हणजे निव्वळ पुन्हा फासे टाकणे.

१५/ तरीही मोठी वाढ संशयास्पदच ठरत राहिली. दोन प्रकरणे सांगण्याजोगी आहेत. दोन्ही पदव्युत्तर परीक्षांची नाहीत, पण संस्था तीच, तर्क तोच. १९८२ साली पूर्व लॉस एंजेलिसमधील गारफील्ड हायस्कूलचे १८ विद्यार्थी प्रगत कलनशास्त्राच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. वस्ती गरीब, बहुतांश मेक्सिकन वंशाची. शिक्षक हाइमे एस्कलांते, मूळचे बोलिव्हियाचे. उत्तरांतील साम्याचे कारण देऊन ईटीएसने १४ जणांवर संशय घेतला. १२ जण पुन्हा बसले. बाराच्या बारा पुन्हा उत्तीर्ण झाले. यावर १९८८ मध्ये चित्रपटही निघाला.

१६/ चित्रपटात हा विजयाचा क्षण आहे, आणि तो आहेच. पण घडले काय, तेही पाहावे : येथे दुसरा प्रयत्न ही संधी नव्हती, ती अग्निपरीक्षा होती. निर्दोष असल्याचा पुरावा देण्याचा भार मुलांवर होता.

१७/ दुसरे प्रकरण न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील एका शाळकरी मुलाचे. मे १९९१ मध्ये त्याला एसएटीत ६२० गुण पडले. नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा बसला आणि १,०३० वर गेला. ४१० गुणांची ही वाढ पाहून ईटीएसने चौकशी केली, हस्ताक्षर जुळत नसल्याचे म्हटले आणि गुण रोखले. पहिल्या वेळी आपण आजारी होतो, मध्यंतरी शिकवणी लावली, असे मुलाचे म्हणणे. परीक्षागृहात तो हजर असल्याचे सांगणारे साक्षीदारही होते. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेले. डिसेंबर १९९५ मध्ये निकाल लागला : मुलाने दिलेला पुरावा ईटीएसने प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे, पण गुण जाहीर करण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. तोवर चार वर्षे उलटली होती.

१८/ दरम्यान जीआरई संगणकावर गेली. १९९३ पासून तिचे रूप असे झाले की उत्तर बरोबर आले तर पुढचा प्रश्न अवघड, चुकले तर सोपा. पूर्वी वर्षातून मोजक्याच तारखा असत. आता केंद्रात बारा महिने बसता येऊ लागले आणि दुसरा प्रयत्न महिन्याभरात शक्य झाला. पण प्रश्नांचा साठा मर्यादित होता. डिसेंबर १९९४ मध्ये कॅप्लनच्याच कंपनीने आपली माणसे परीक्षेला बसवून, प्रश्न पाठ करून आणून, ही व्यवस्था किती पोकळ आहे हे ईटीएसला दाखवून दिले. बक्षीस म्हणून खटला मिळाला. २००२ मध्ये चीन, हाँगकाँग, तैवान आणि कोरियातून ही संगणकीय परीक्षा मागे घेऊन पुन्हा कागदावर आणावी लागली, कारण तेथे आठवणीतले प्रश्न संकेतस्थळांवर साठत होते. तळघरातली खाऊपार्टी आता जगभर भरत होती.

१९/ मग आले २००६, आणि एलसॅटच्या इतिहासातील सर्वांत मोठी उलथापालथ. ती झाली एका रकान्यामुळे. अमेरिकन बार असोसिएशन विधी महाविद्यालयांकडून दरवर्षी प्रवेशितांच्या गुणांची माहिती घेते. एखाद्याने अनेकदा परीक्षा दिली असेल तर तोवर सरासरी कळवावी लागे. २००६ मध्ये नियम बदलला : सर्वोच्च गुण कळवा.

२०/ हा बदल एवढा प्रभावी का ठरला, हे समजण्यासाठी क्रमवारीचे राजकारण ध्यानात घ्यावे लागते. एका नियतकालिकाच्या वार्षिक क्रमवारीवर विधी महाविद्यालयांची प्रतिष्ठा टांगलेली असते आणि त्या क्रमवारीत विद्यार्थ्यांच्या एलसॅट गुणांचा मध्यक मोजला जातो. सरासरीचा नियम होता तेव्हा १५२ आणि १६० वाला उमेदवार महाविद्यालयासाठी १५६ चा होता. नियम बदलल्यावर तोच उमेदवार, त्याच बुद्धीसह, १६० चा झाला. प्रवेश समित्यांनी सर्वोच्च गुणांकडे पाहायला सुरुवात केली. परीक्षा घेणारी परिषद सरासरीच अधिक विश्वसनीय असल्याचे सांगत राहिली. ऐकणार कोण?

२१/ जीआरईचे असेच वळण जुलै २०१२ मध्ये आले. तोवर गेल्या पाच वर्षांतील प्रत्येक प्रयत्नाचे गुण विद्यापीठाकडे जात. लपवण्याची सोय नव्हती. दुसऱ्यांदा घसरलेला माणूस आपली घसरणही सोबत पाठवी. 'स्कोअरसिलेक्ट' नावाच्या सोयीने कोणत्या दिवसाचे गुण पाठवायचे, हे विद्यार्थ्याच्या हाती आले. पुन्हा बसण्यातील जोखीम जवळजवळ संपली. उरला तो खर्च.

२२/ आणि येथेच खरी गोम आहे. जोखीम सर्वांना सारखी होती. खर्च सारखा नाही. २००३ मध्ये जेकब विग्डर आणि चार्ल्स क्लॉटफेल्टर या अर्थशास्त्रज्ञांनी एसएटीच्या आकडेवारीवरून दाखवले की केवळ सर्वोच्च गुण मोजण्याचा नियम पुन:पुन्हा बसण्याला उत्तेजन देतो, आणि त्याचा लाभ अधिक वेळा बसणे ज्यांना परवडते त्यांना होतो. २०२० मध्ये जोशुआ गुडमन, ओडेड गुरँट्झ आणि जोनाथन स्मिथ यांनी एक मजेशीर मानवी वळण टिपले : १,१९० वाला विद्यार्थी १,२०० वाल्यापेक्षा अधिक प्रमाणात पुन्हा बसतो. गोल आकड्याचा मोह! त्या मोहाने बसलेल्यांचे गुण वाढले आणि अधिक जणांना चार वर्षांच्या महाविद्यालयात प्रवेशही मिळाला. मात्र कमी उत्पन्नाच्या घरांतील मुले पुन्हा बसण्याचे प्रमाण कमी होते.

२३/ या चित्रात संख्याशास्त्राची एक अडचण मिसळलेली आहे. एलसॅटच्या गुणांतील प्रमाण त्रुटी अडीच गुणांच्या आसपास मानली जाते, म्हणून प्रत्येक गुणांकासोबत वर-खाली सुमारे तीन गुणांचा पट्टा दाखवतात. पुन्हा बसणाऱ्यांची सरासरी वाढही साधारण दोन-तीन गुणांचीच असते. म्हणजे १५७ चे १५९ झाले, तर विद्यार्थी शिकला की फासे बरे पडले, हे एकट्या त्या आकड्यावरून ठरवता येत नाही. त्यातच पहिल्यांदा नशीब आडवे आलेलेच अधिक करून पुन्हा बसतात. त्यांचे गुण काहीही न करता थोडे वर सरकणे स्वाभाविक आहे. प्रवेशाच्या रेषेवर मात्र १५७ आणि १५९ यांत कधीकधी शिष्यवृत्तीचा फरक असतो.

२४/ पुण्यात, नाशकात, नागपुरात बसून हा हिशेब करताना आणखी एक गुणाकार करावा लागतो. जीआरईचे शुल्क २२० डॉलरच्या घरात, म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला वीस हजार रुपयांच्या आसपास. क्लास आणि चारपेक्षा अधिक विद्यापीठांना गुण पाठवण्याचे पैसे वेगळे. अमेरिकेतल्या मुलाला जो खर्च एका शनिवार-रविवारच्या कमाईतून भागतो, तो येथे कित्येक घरांत महिन्याच्या पगाराशी ताडून पाहिला जातो. इतर परीक्षांनी या प्रश्नाला आपापली उत्तरे दिली आहेत. एमकॅटने आयुष्यभरात सात प्रयत्नांची मर्यादा घातली. आपल्याकडे जेईई मेन २०१९ पासून वर्षातून एकाहून अधिक वेळा होते आणि त्यांतले चांगले गुण धरतात. गेट वर्षातून एकदाच, गुण तीन वर्षे ग्राह्य.

२५/ गेल्या दशकात प्रश्नाचे तोंडच बदलले. २०१४ मध्ये केसी मिलर आणि केव्हन स्टासन या शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये लिहिले की जीआरईच्या किमान गुणांची अट लावल्याने स्त्रिया आणि अल्पसंख्य विद्यार्थी गाळले जातात, आणि पुढच्या संशोधनातील यश त्या गुणांवरून नीट कळतही नाही. यावर उलट मतेही आली. वाद अजून मिटलेला नाही. २०२० च्या साथीत परीक्षा केंद्रे बंद पडली, परीक्षा घरून देण्याची सोय झाली आणि कित्येक विभागांनी जीआरईची अटच काढून टाकली. सप्टेंबर २०२३ पासून जवळजवळ चार तासांची परीक्षा दोन तासांच्या आत आली. आता 'पुन्हा बसावे का' याच्या आधी 'गुण पाठवावेत तरी का' असा प्रश्न पडतो.

२६/ सध्याचा नियम असा : दोन प्रयत्नांत २१ दिवसांचे अंतर, बारा महिन्यांत जास्तीत जास्त पाच प्रयत्न, गुण पाच वर्षे ग्राह्य. 'अ‍ॅप्टिट्यूड' हा शब्द जीआरईच्या नावातून १९८० च्या दशकातच गळला आणि तिची नुसती 'जनरल टेस्ट' झाली. एलसॅट घेणारी परिषद आता शुल्क आकारून गुण आधी पाहण्याची आणि मग ठेवायचे की रद्द करायचे हे ठरवण्याची सोय देते. आणि जीआरईच्या त्या पडद्यावर घाबरून 'रद्द' दाबलेल्या विद्यार्थ्याला साठ दिवसांच्या आत ते गुण परत जिवंत करून मिळतात. त्याचे ५० डॉलर.